पशुखाद्यातील खोटी प्रथिने

गाईम्हशींच्या खुराकाचे पोते तुम्ही पाहिले असेलच. सरकीची किंवा शेंगदाण्याची पेंड, धान्याचा भरडा, कोंडा, मळी, क्षार असे पदार्थ एकत्र करून त्यांच्या कांड्या पाडतात आणि पोत्यात भरून विकतात. अशा पोत्यावरचा मजकूर एकदा वाचून पाहा. त्यावर एक ओळ हमखास असते : ‘प्रथिने – किमान २० टक्के’ किंवा ‘२२ टक्के’. शेतकरी पैसे मोजतो ते मुख्यतः या आकड्यासाठी. दूध, मांस, अंडी, लोकर या साऱ्यांत प्रथिने असतात. ती जनावराच्या शरीरात तयार व्हायची, तर खुराकातून मिळालीच पाहिजेत. शिवाय खुराकातील सर्वांत महागडा घटकही हाच.

आता एक प्रश्न. पोत्यात खरोखरच २० टक्के प्रथिने आहेत, हे ठरवायचे कसे? प्रश्न साधा दिसतो. पण याच्या उत्तरात जी एक लहानशी फट राहिली होती, तिच्यातून शिरलेल्या एका रसायनाने हजारो जनावरांची मूत्रपिंडे निकामी केली. पुढे तर माणसांच्या तान्ह्या मुलांवरही तीच पाळी आली. ते कसे घडले, ते आपण क्रमाने पाहू.

प्रथिने मोजायची की नत्र?

प्रथिने हजारो प्रकारची असतात. दुधातले केसीन वेगळे, गव्हातले ग्लुटेन वेगळे, अंड्याच्या बलकातले वेगळे. प्रत्येक जात निवडून मोजत बसणे अशक्यच. पण या सर्वांत एक गोष्ट समान असते. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या जोडीला प्रत्येक प्रथिनात नत्र, म्हणजे नायट्रोजन असतो. पिष्टमय पदार्थांत व चरबीत तो जवळजवळ नसतो. प्रथिनाच्या वजनापैकी सरासरी १६ टक्के वजन नत्राचे असते.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली याचाच उपयोग करून घेतला. त्यांची रीत अशी : धान्याचा नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा. त्यातील सेंद्रिय पदार्थ मोडून पडतात आणि नत्राचे अमोनियम सल्फेट बनते. मग त्यात अल्क घालून तापवले की अमोनिया वायू बाहेर पडतो. तो आम्लात पकडून मोजायचा. अमोनिया किती निघाला, यावरून नमुन्यात नत्र किती होता ते कळते. १०० ला १६ ने भागले की ६.२५ येतात. म्हणून नत्राच्या वजनाला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचे वजन मिळते.

ही रीत स्वस्त, सोपी आणि भरवशाची आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत ती आजही वापरली जाते. पण तिच्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती तुमच्या ध्यानात आली का? नमुन्यातला सगळा नत्र प्रथिनांचाच आहे, असे आपण मानून चाललो आहोत. उकळत्या गंधकाम्लाला मात्र नत्र कोठून आला याच्याशी काही देणेघेणे नसते. म्हणूनच या आकड्याला शास्त्रज्ञ ‘कच्ची प्रथिने’ म्हणतात.

दोनतृतीयांश नत्र!

आता एका दुसऱ्या पदार्थाची ओळख करून घेऊ. लग्नसमारंभात किंवा उपाहारगृहात रंगीत, गुळगुळीत, पडली तरी सहसा न फुटणारी ताटे असतात. ती ज्या प्लास्टिकची बनवतात, त्याचा कच्चा माल म्हणजे मेलामाईन. ही एक पांढरी पूड असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी ती १८३४ साली प्रथम तयार केली. तिच्या रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ६ आणि नत्राचे ६ अणू असतात. अणुभार धरून हिशेब करा : कार्बनचे ३६, हायड्रोजनचे ६, नत्राचे ८४, एकूण १२६. म्हणजे मेलामाईनच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग निव्वळ नत्र आहे!

केल्डालच्या रीतीने १ किलो मेलामाईन तपासले तर काय दिसेल? नत्र ०.६६७ किलो, त्याला ६.२५ ने गुणले की प्रथिने ४.१७ किलो. एक किलो पुडीत चार किलोंहून अधिक ‘प्रथिने’! खरे पाहता त्यात प्रथिनाचा एक रेणूही नाही. परंतु हलक्या प्रतीच्या पिठात ही पूड थोडी मिसळली, की तपासणीच्या कागदावर ते पीठ उत्तम प्रतीचे ठरते. फसवणूक करणाऱ्याला आणखी काय हवे?

तुम्ही विचाराल, नत्र तर नत्रच. जनावराला त्याचा उपयोग होणार नाही का? शंका अगदी योग्य आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. युरियासारख्या साध्या पदार्थातील नत्र घेऊन हे सूक्ष्मजीव स्वतःची प्रथिने बनवतात आणि पुढे ते सूक्ष्मजीवच जनावराला पचतात. म्हणून ठरावीक, अगदी मर्यादित प्रमाणात युरिया गुरांच्या खुराकात घालता येतो. (प्रमाण चुकले तर मात्र रक्तात अमोनिया वाढून जनावर दगावते. तेव्हा घरच्या घरी हा प्रयोग कोणी करू नये.)

मग युरियाच्या जागी मेलामाईन चालेल का, हे शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच तपासून पाहिले होते. १९६६ साली दक्षिण आफ्रिकेतून मेंढ्यांवरील प्रयोगांची माहिती प्रसिद्ध झाली. ज्या मेंढ्यांना मेलामाईन मोठ्या मात्रेत दिले, त्यांच्या मूत्रात स्फटिक आढळले आणि काही मेंढ्या मेल्या. १९७८ साली अमेरिकेतील संशोधकांनीही निष्कर्ष काढला, की जनावराच्या पोटात मेलामाईन युरियापेक्षा सावकाश आणि अपुरे फुटते. म्हणून खुराकासाठी ते योग्य नाही. विषय तेथेच मिटायला हवा होता.

मांजरे का मरू लागली?

मार्च २००७. अमेरिका आणि कॅनडात कुत्र्यामांजरांसाठी तयार डबाबंद अन्न मिळते. ते खाऊन मांजरे व कुत्री आजारी पडू लागली. उलट्या, अन्नावरची वासना उडणे, खूप तहान आणि मग मूत्रपिंड बंद पडणे अशी लक्षणे दिसत. १६ मार्चला एका मोठ्या उत्पादक कंपनीने सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे बाजारातून परत मागवली. शोध सुरू झाला. महिनाअखेरीस कारण हाती लागले : अन्नात घातलेल्या ‘गव्हाच्या ग्लुटेन’मध्ये मेलामाईन होते. हा माल चीनमधून आलेला होता. अधिक तपासणीत कळले, की ते ग्लुटेन नव्हतेच. ते साधे गव्हाचे पीठ होते. मेलामाईनच्या नत्रामुळे ते ग्लुटेन म्हणून खपले होते.

पण शास्त्रज्ञांना एक कोडे पडले. सापडलेल्या मात्रेत मेलामाईन एवढे घातक असायला नको होते. उंदरांवरील जुन्या प्रयोगांत ते बरेच सौम्य ठरले होते. मग मांजरे इतक्या झटपट का मरत होती?

उत्तर त्याच्या सोबत्यात सापडले. मेलामाईनच्या कारखान्यातील अशुद्ध मालात सायन्युरिक आम्ल नावाचा त्याचा एक भाऊबंद असतो. पोहण्याच्या तलावातील क्लोरीन उन्हाने लवकर उडून जाऊ नये म्हणून हे आम्ल वापरतात. तेही एकटे असताना फारसे विषारी नाही. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी थोड्या मांजरांवर प्रयोग केला. एका मांजराला केवळ मेलामाईन दिले, एकाला केवळ सायन्युरिक आम्ल. त्यांना काही झाले नाही. ज्यांना दोन्ही एकत्र दिली, त्या सर्वांची मूत्रपिंडे ४८ तासांच्या आत निकामी झाली. २००८ साली डुकरांवर आणि माशांवर केलेल्या प्रयोगांतही हेच आढळले : एकेकटे रसायन दिले तर मूत्रपिंडे स्वच्छ, दोन्ही दिली तर स्फटिकांनी भरलेली.

दोन निवळ्या आणि एक साका

असे कसे झाले, हे समजण्यासाठी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक सोपा प्रयोग करा. एका परीक्षानळीत चुन्याची स्वच्छ निवळी घ्या. दुसरीत धुण्याच्या सोड्याचे गाळलेले द्रावण घ्या. दोन्ही पाण्यासारखी नितळ दिसतील. आता एक दुसरीत ओता. क्षणात पांढरा गढूळपणा येईल आणि थोड्या वेळाने तळाशी साका बसेल. वेगवेगळे असताना विरघळून राहिलेले पदार्थ एकत्र येताच न विरघळणारा तिसरा पदार्थ तयार झाला. (द्रावणांना हात लावू नका, डोळ्यांत उडू देऊ नका.)

मेलामाईन व सायन्युरिक आम्ल यांचे जुळणे रासायनिक दृष्ट्या निराळ्या तऱ्हेचे आहे, पण परिणाम असाच. दोघांचेही रेणू षटकोनी कड्याचे, चपटे असतात. एकाच्या कडेला जेथे हायड्रोजन, तेथे दुसऱ्याच्या कडेला त्याला ओढून धरणारा अणू, अशी त्यांची रचना नेमकी जुळते. मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे ते एकमेकांना लागून बसतात आणि त्यांचा पापुद्रा तयार होतो. पापुद्र्यावर पापुद्रा चढत स्फटिक बनतो, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

पण मग हे स्फटिक रक्तात किंवा यकृतात न साठता मूत्रपिंडातच का साठतात?

त्यासाठी मूत्रपिंडाचे काम आठवा. माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात; त्यांना नेफ्रॉन म्हणतात. इतर सस्तन प्राण्यांतही रचना अशीच असते. रक्तातील पाणी आणि त्यात विरघळलेले पदार्थ आधी गाळले जातात. माणसात हा गाळ दिवसाला सुमारे १८० लिटर होतो! एवढे पाणी रोज गमावणे परवडणार नाही. म्हणून केसाहून बारीक नलिकांमधून जाताना बहुतेक पाणी रक्तात परत शोषले जाते आणि मूत्र म्हणून उरते सुमारे दीड लिटर. आता १८० ला दीडने भागा. उत्तर १२०. म्हणजे जो पदार्थ शरीराला नको असतो आणि परत शोषला जात नाही, तो मूत्रात शंभराहून अधिक पट तीव्र होतो.

मेलामाईन नेमके असेच आहे. प्राण्याचे शरीर त्याचे काहीच करत नाही. जसे आले तसे मूत्रावाटे बाहेर टाकते. डुकराच्या रक्तातील मेलामाईन सुमारे चार तासांत निम्म्यावर येते. ही तर चांगलीच गोष्ट वाटते. पण बाहेर पडण्याचा रस्ता त्या अरुंद नलिकांमधूनच आहे. रक्तात विरळ असताना जे दोन रेणू एकमेकांना क्वचित भेटत, ते येथे दाटीवाटीने एकत्र येतात आणि स्फटिक धरतात. नलिका तुंबतात, त्यांच्या भिंतींच्या पेशी मरतात. गटार तुंबले की घाण पाणी मागे घरात शिरते. तसे युरिया, क्रिएटिनिन यांसारखे त्याज्य पदार्थ रक्तात साचू लागतात. मांजराचे मूत्र माणसाच्या मूत्रापेक्षा बरेच तीव्र असते, ही गोष्टही येथे विसरू नका.

एकदा मरण आलेला नेफ्रॉन पुन्हा उगवत नाही. आणि मूत्रपिंडाचा पुष्कळसा भाग निकामी होईपर्यंत जनावर वरून ठीक दिसू शकते. रोग लक्षात येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

गोठ्यापासून ताटापर्यंत

अमेरिकेतील कुत्र्यामांजरांच्या अन्नाचे उरलेले तुकडे डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यातही गेले होते. एप्रिल २००७ मध्ये डुकरांच्या मूत्रात मेलामाईन सापडले आणि हजारो डुकरे अडकवून ठेवावी लागली. सुदैवाने त्यांच्या खाद्यात मात्रा बरीच विरळ झाली होती.

याच सुमारास एका जुन्या कोड्याचाही उलगडा झाला. २००४ साली आशियातील अनेक देशांत हजारो कुत्री मूत्रपिंडे बिघडून आजारी पडली होती. तेव्हा संशय गेला बुरशीच्या विषावर. तोही अगदीच निराधार नव्हता. बुरसटलेल्या धान्यातील ऑक्रॅटॉक्सिन या विषाने डुकरांची मूत्रपिंडे बिघडतात, हे डेन्मार्कमध्ये चांगले ठाऊक होते. परंतु २००७ मध्ये त्या कुत्र्यांच्या जपून ठेवलेल्या मूत्रपिंडांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांत मेलामाईन व सायन्युरिक आम्लाचे स्फटिकच सापडले. जनावरांनी तीन वर्षे आधीच इशारा दिला होता. आपल्याला तो वाचता आला नव्हता.

आणि मग आले २०२८ नव्हे, तर अवघ्या एका वर्षानंतरचे २००८ साल. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधातील प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी मेलामाईन मिसळले गेले होते. त्या दुधाची भुकटी तान्ह्या मुलांना पाजली गेली. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, पन्नास हजारांहून अधिक मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि सहा मुले मृत्यू पावली. त्यांच्या शरीरात सायन्युरिक आम्लाची जागा यूरिक आम्लाने घेतली होती. माणसाच्या मूत्रात, विशेषतः तान्ह्या मुलांच्या, यूरिक आम्ल बरेच असते. त्याच्याशी जोडी जमवून मेलामाईनने खडे बनवले. भारताने सप्टेंबर २००८ मध्ये चीनमधील दूध व दुग्धपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली.

त्याच शरद ऋतूत चीनच्या लिआओनिंग प्रांतात केसाळ कातड्यासाठी पाळलेले सुमारे १,५०० रकून-कुत्रे मेलामाईनमिश्रित खाद्याने मेले. ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगला आलेल्या अंड्यांत किलोमागे ४.७ मिलिग्रॅम मेलामाईन सापडले. तेथील मर्यादा २.५ मिलिग्रॅम होती. अंड्यात कोणी सुई टोचून मेलामाईन घातले नव्हते. ते कोंबडीच्या खाद्यातून आले होते. गाईंवरील प्रयोगांतही आढळले, की खाल्लेल्या मेलामाईनपैकी सुमारे २ टक्के दुधात उतरते, आणि तेही खाल्ल्यापासून आठ तासांच्या आत. गव्हाणीत जे पडते, त्याचा काही अंश आपल्या पेल्यात येतोच.

फट कशी बुजवली?

उपाय दोन बाजूंनी झाले. पहिला, मेलामाईनचाच थेट शोध घेणे. मिश्रणातील रेणू वेगळे करून त्यांचे वजन सांगणारी आधुनिक उपकरणे अगदी सूक्ष्म मात्राही पकडतात. दुसरा उपाय जुन्याच रीतीला दिलेली एक जोड आहे. दुधात लिंबू पिळले की ते फाटते. चोथा खाली राहतो व पाणी वेगळे होते. त्याचप्रमाणे नमुन्यात ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल घातले, की प्रथिने साकळून खाली बसतात. युरिया, मेलामाईन यांसारखे लहान रेणू पाण्यातच राहतात. मग गाळून घेतलेल्या साक्यातला नत्र तेवढा केल्डालच्या रीतीने मोजायचा. येणारा आकडा खऱ्या प्रथिनांचा असतो.

२०१० साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने मर्यादा ठरवल्या : तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत किलोमागे १ मिलिग्रॅम, इतर अन्नात व पशुखाद्यात २.५ मिलिग्रॅम. शून्य का नाही, असे कोणी विचारील. भांड्यांतून, तसेच काही कीटकनाशकांच्या विघटनातून मेलामाईनचा अत्यल्प अंश अन्नात येतच असतो. (म्हणून तुमच्या घरची मेलामाईनची ताटे फेकून देण्याची गरज नाही. त्यांत ते घट्ट बांधलेले असते. मात्र ती मायक्रोवेव्हमध्ये तापवू नयेत.)

तुमच्या घरी जनावरे असतील, तर काही गोष्टी तुम्हीही पाहू शकता. खुराक नेहमी खात्रीच्या ठिकाणाहून, शिलबंद पोत्यात घ्यावा आणि पोत्यावरची खूणचिठ्ठी जपून ठेवावी. काही बिघडले तर माल कोठून आला हे तिच्यावरून कळते. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त आणि तरीही प्रथिनांचा आकडा मोठा असलेल्या मालाबद्दल शंका घ्यावी. बुरसटलेली पेंड किंवा कडबा ‘जनावरालाच तर घालायचा’ म्हणून वापरू नये. जनावरांना भरपूर स्वच्छ पाणी ठेवावे. आणि एकाच खुराकावरची दोनतीन जनावरे एकदम खाणे सोडू लागली किंवा लघवी कमी करू लागली, तर तो खुराक थांबवून त्यातला मूठभर बाजूला ठेवावा व पशुवैद्यांना बोलवावे. तो मूठभर नमुना रोगाचे कारण सांगू शकतो.

शेवटी एक गोष्ट तुमच्या वहीत लिहून ठेवा. केल्डाल यांची रीत खोटी नव्हती; तिने नत्र बिनचूक मोजला. नत्र म्हणजेच प्रथिने, हे आपण मानले होते. यापुढे कोणताही आकडा समोर आला, मग तो पोत्यावरचा असो की प्रयोगवहीतला, तर आधी विचारा : येथे नेमके काय मोजले आहे?